एटिमऑनलाइनचा रिव्ह्यू, 'सेट' या एका शब्दाच्या निमित्ताने

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी ही इंग्लिश शब्दांची मुळं सांगणारी वेबसाइट, लोक तिला एटिमऑनलाइन म्हणतात. डग्लस हार्पर या माणसाने जवळपास एकहाती उभी केलीय आणि वाचायला फुकट आहे. मी बरीच वर्षं वापरतोय पण हे लिहायला बसलो ते भाच्यामुळे. त्याने विचारलं, मामा, सूर्य पण सेट होतो, सिमेंट पण सेट होतं, अलार्म पण सेट करतात, मग सेट म्हणजे नक्की काय? फोनवरच्या एका इंग्लिश-मराठी डिक्शनरीत बघितलं तर ठेवणे, मांडणे, लावणे, जुळवणे, मावळणे अशी नुसती रांग, आता यातून त्या पोराने काय समजायचं!

एटिमऑनलाइनवर पहिल्याच ओळीत गाठ सुटली. जुन्या इंग्लिशमध्ये सेट्टान, म्हणजे बसायला लावणे. आपलं सरळ 'बसवणे'! सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे, इतकं साधं आहे ते. अशी जोडी इंग्लिशमध्ये अजून पण आहे, फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे (फॉलचा भूतकाळ नव्हे, झाड पाडतात तो फेल), आणि आपल्या पडणे-पाडणे, मरणे-मारणे मध्ये पण तसाच आतला स्वर बदलतो की. मग मी भाच्याला म्हटलं आता सेटच्या जागी बसवणे टाकून बघ. हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, कोंबडी अंड्यांवर बसवतात, तिन्ही ठिकाणी इंग्लिशमध्ये सेटच येतो. आपण 'तो आता सेट झाला' म्हणतो तेव्हाही बस्तान बसलं हेच म्हणायचं असतं ना. छापखान्यात खिळे जुळवायचे ते टाइपसेटिंग, तेही एकेक अक्षर जागेवर बसवणंच.

सूर्य मात्र यात बसत नाही, त्याला कोणी बसवत नाही, तो आपणहून खाली जातो. सिट आणि सेटची सरमिसळ इंग्लिशमध्ये फार जुनी आहे, हा अर्थ सिटच्या अंगाने घेतला की पटतो.

पण मला सगळ्यात आवडलं ते पुढेच. साइटवर सेटच्या नामाची नोंद वेगळी आहे, आणि वस्तूंचा संच या अर्थाचा सेट या क्रियापदापासून आलेलाच नाही! तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, मागे लॅटिन सेक्टा, ज्याच्यापासून सेक्ट म्हणजे पंथ, आणि त्याचं मूळ 'मागोमाग जाणे' हे. पुढे दोन्ही शब्द एकसारखे दिसायला लागले आणि क्रियापदाचे अर्थ नामात मिसळले. मी इतकी वर्षं एकच शब्द समजत होतो.

मुळावर क्लिक केलं की सगळं खानदान उघडतं, या एका सोयीसाठी मी साइट कोणालाही सुचवीन. क्रियापदाच्या मुळाशी नेस्ट, सॅडल, सेशन, प्रेसिडेंट आणि चक्क उपनिषद, कारण संस्कृत सद् (बसणे) धातू त्याच घरातला, म्हणजे संसद आणि परिषद पण आल्या, आणि नीड म्हणजे घरटं हा नेस्टचा सख्खा भाऊ. संचवाल्या सेटच्या मुळाशी संस्कृत सचते, सोबत जाणे, आणि त्याच धातूचा आपला सचिव. म्हणजे एक सेट संसदेचा नातेवाईक आणि दुसरा सचिवाचा! हे वाचून मी खरंच उठून घरात सगळ्यांना सांगत सुटलो.

मर्यादा पण सांगतो. सगळे अर्थ हवे असतील तर ही साइट पुरत नाही, ती मुळं आणि मुख्य वळणं सांगते. त्यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच, तिच्या १९८९ च्या २० खंडांच्या आवृत्तीत सेट ही सगळ्यात लांब नोंद होती, क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आणि साधारण ६०,००० शब्द, नंतर सुधारित नोंदींमध्ये रन पुढे गेला. पण ऑनलाइन ती पूर्ण वाचायला सबस्क्रिप्शन लागतं, रोजच्या कुतूहलाला एटिमऑनलाइन भरपूर झालं. आणि एक, शब्दासमोर साल दिसतं ते शब्द जन्मला ते साल नाही, लेखी पुरावा पहिल्यांदा कधीचा सापडतो ते आहे, बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. नवीन माणूस इथे हमखास फसतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. भाचा आता साइटवर गेट (get, मिळणे) या शब्दाची नोंद उघडून बसलाय. नुसता गेट नॉर्समधून, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलाय आणि फरगेटमधला गेट जुन्या इंग्लिशचा घरचा, दोघं चुलत भाऊ, हे त्याचं त्यानेच शोधलं.