अकरा महिने वापरल्यावर: लाईट गेली की प्रोग्राम विसरणारा पीएलसी

आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी हा डबाच टाकाऊ समजायला नको. पॅकिंग मशीनवर हा छोटा पीएलसी (सेन्सर वाचून प्रोग्रामप्रमाणे मशीन चालवणारा कंट्रोलर) ११ महिने चालतोय. १४ इनपुट, १० आउटपुट, २४ व्होल्ट डीसी. एकही इनपुट मेला नाही, एकही आउटपुट चिकटला नाही. टर्मिनल ब्लॉक अख्खा उपसून काढता येतो, त्यामुळे वायरिंग न सोडवता युनिट बदलता येतं. प्रॉक्सिमिटी सेन्सरचे (वस्तू जवळ आली की सिग्नल देणाऱ्या सेन्सरचे) पल्स बिनचूक मोजतो. चालू असताना तक्रारीला जागाच नाही. माझी तक्रार तो बंद झाल्यावरची आहे.

चौथ्या महिन्यात रात्रभर लाईट गेली. सकाळी मेन स्विच टाकला तर पॉवरचा दिवा लागलेला, रनचा विझलेला आणि एररचा लुकलुकतोय. लॅपटॉप जोडून पाहिलं तर आत प्रोग्रामच नाही, पाटी कोरी. जुनी फाईल लॅपटॉपवरून पीएलसीत डाउनलोड केली, तासाभरात मशीन सुरू झालं आणि आम्ही ते विसरूनही गेलो. तिथेच चुकलो.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीनंतर पुन्हा तेच. आता शोधाशोध सुरू झाली. पीएलसीत सेल असतो हे माहीत होतं, म्हणून पहिल्यांदा तोच काढून मल्टीमीटर लावला. ३.६ व्होल्टचा लिथियम सेल आणि मीटरवर ३.६ च्या आसपास. सेल चांगला, असा शेरा मारून मोकळा झालो. मग संशय एसएमपीएसवर, म्हणजे २४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवर आला, तो बदलला. मग वाटलं, सोलेनॉइडची (व्हॉल्व्ह उघडणारी) कॉइल सुटताना व्होल्टेजचा स्पाइक येत असेल, म्हणून प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड टाकला. अर्थिंग पुन्हा आवळलं. ही कामं करायला हवीच होती, वाया काही गेलं नाही. पण पुढच्या सुट्टीनंतर पाटी पुन्हा कोरी.

रोग सापडला तो ऑपरेटरच्या एका वाक्यामुळे. तो म्हणाला, ‘साहेब, दुपारी पाच-दहा मिनिटं लाईट जाते तेव्हा काही होत नाही ना.’ खरंच होत नव्हतं. स्पाइकचा त्रास असता तर लाईट किती वेळ गेली याने फरक पडला नसता. थोडा वेळ प्रोग्राम टिकतो आणि रात्रभरात जातो, म्हणजे थोडी वीज साठवणारा आतला कपॅसिटर मेमरी धरून ठेवतोय आणि तो संपल्यावर सेलकडून काहीच येत नाहीये. आणखी एक खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती: प्रत्येक वेळी आतल्या घड्याळाची तारीखही मूळपदावर गेलेली असायची. प्रोग्राम आणि घड्याळ दोन्ही एकत्र गेले, तर आधी सेल बघावा. हे मला आता कळतंय.

मग मीटरवर ३.६ कसे? या जातीच्या सेलचा व्होल्टेज जवळजवळ आयुष्यभर सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. नुसता मीटर लावला तर मीटर जवळपास करंटच घेत नाही, त्यामुळे मरायला टेकलेला सेलही ठणठणीत दिसतो. १ किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावून पुन्हा मोजला, तर आकडा दोन व्होल्टच्या खाली उतरला आणि उतरतच राहिला. इथे एक गफलत होऊ शकते. बरेच दिवस पडून राहिलेला चांगला सेलही लोड लावताच क्षणभर दबतो, कारण आत लिथियमवर क्षाराचा पातळ थर बसलेला असतो. पण तो थोड्या वेळात सावरतो. आमचा सावरला नाही.

इतक्या लवकर का मेला, तर पॅनेल आमच्याकडे येण्याआधी वर्षभर तसंच पडून होतं, सेलचा कनेक्टर आत खोचलेला. शिवाय आम्ही दर सुट्टीला मेन स्विच पाडायचो. पीएलसी बंद असताना मेमरी सेलवर जगते, म्हणजे जितका वेळ बंद तितका सेल खर्ची. वर पॅनेलमधली उष्णता.

बॅटरीचा दिवा का लागला नाही, याचं उत्तर ऐकून मी कपाळाला हात लावला. पॅनेल बनवणाऱ्याने सेटिंगमध्ये ‘बॅटरी तपासू नका’ हा पर्याय निवडून ठेवला होता. बहुधा टेस्टिंगच्या वेळी लाल दिवा दिसू नये म्हणून. त्याने प्रोग्रामवर पासवर्डही टाकला होता, म्हणजे डाउनलोड करता येतो, पण आतला प्रोग्राम वर खेचता येत नाही. मूळ फाईल नसती तर मशीन तसंच उभं राहिलं असतं. पासवर्ड मागून घेतला, पण त्यासाठी किती फोन करावे लागले ते विचारू नका.

नवा सेल बसवतानाही घोळ झालाच. इलेक्ट्रिशियनने सवयीप्रमाणे आधी सप्लाय पाडला, मग आरामात सेल काढला, आणि कनेक्टर बसेपर्यंत कपॅसिटर रिकामा. या मॉडेलचा सेल पीएलसी चालू ठेवूनच बदलायचा असतो, बॅकअप घेऊन आणि २३० व्होल्टच्या बाजूला हात न नेता. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, पण शेवटच्या पानांत.

यापुढे सेलच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून ईईप्रॉमची (विजेविना टिकणाऱ्या मेमरीची) कॅसेट घेतली. तिला सेल लागत नाही. दोन महिने निवांत गेले आणि आठव्या महिन्यात नवीनच भूत. प्रोग्राम शाबूत, पण सीलिंगचा टायमर १.२ सेकंदांवरून ०.८ वर आलेला. पाकिटं उघडी पडायला लागली. ऑपरेटर शपथा घेत होता आणि तो खरंच बोलत होता. चूक माझी होती. मशीन चालू असताना मी ऑनलाइन एडिट करून टायमर वाढवला होता. तो बदल फक्त रॅममध्ये, म्हणजे सेलवर जगणाऱ्या आतल्या मेमरीत गेला. सप्लाय परत आला की हा पीएलसी कॅसेटमधली प्रत रॅमवर ओततो, आणि कॅसेटमध्ये जुनाच आकडा होता. आता प्रत्येक एडिटनंतर कॅसेटवर लिहायचं आणि लगेच ‘व्हेरिफाय’ चालवून दोन्ही जुळतात का पाहायचं. मेमरीत दोष असेल तेव्हाच कॅसेटमधून घ्यायचं, असाही पर्याय आहे. तो मी मुद्दाम टाळला. त्यात कॅसेटमधली प्रत कधी शिळी झाली हे कळतच नाही, आणि कळतं ते नको त्या दिवशी.

कॅसेटने सगळं वाचतं असंही नाही. बॅचचे काउंट आणि स्क्रीनवरून टाकलेल्या रेसिपीचे (मालाप्रमाणे बदलणाऱ्या सेटिंगचे) आकडे डेटा मेमरीत असतात, ते अजून सेलवरच आहेत. रेसिपीचे मूळ आकडे मी पहिल्या स्कॅनच्या बिटवर, म्हणजे पीएलसी सुरू होताच एकदाच लागणाऱ्या खुणेवर तपासून घेतो: जागा शून्य दिसली तर लॅडरमधूनच (पीएलसीच्या प्रोग्राममधूनच) भरायचे. बॅचचा काउंट गेला तर गेला, तो वहीत असतो.

पुन्हा घेईन का? या मशीनला हाच ठेवीन, बदलण्याचं कारण उरलं नाही. नव्या मशीनसाठी मात्र प्रोग्राम फ्लॅशमध्ये (सेल न लागणाऱ्या मेमरीत) ठेवणारा पीएलसी बघतोय. तिथेही विचारून घ्यावं लागतं, कारण अशा कित्येक मॉडेलांत घड्याळ कपॅसिटरवर काही दिवसच चालतं आणि सप्लायविना टिकणाऱ्या डेटाची जागा मोजकी असते. आणि स्वीकारण्याआधी दोन दिवस सप्लाय पाडून ठेवायचा, हे मी ऑर्डरमध्येच लिहिणार आहे.

बॅटरी तपासणी चालू केल्यावर तिचा इशारा देणारा बिट मी मशीनच्या वरच्या पिवळ्या दिव्याला दिला, कारण पॅनेलचं दार उघडून आतले दिवे रोज कोण बघतंय. परवा तो लागला. सेल शाबूत होता, हादऱ्यांनी कनेक्टर सैल झाला होता. चालू शिफ्टमध्येच दाबून बसवला.