‘फुल इन्शुरन्स’ किती फुल असतो? दोन क्लेम आणि अकरा महिन्यांनंतर

गाडी घेतली तेव्हा शोरूममधला मुलगा म्हणाला होता, “फुल इन्शुरन्स आहे सर, तीन वर्षं बघायचं काम नाही.” मीही बघितलं नाही. वर्ष उलटून गेल्यावर ऑफिसातल्या एकाला नमुना म्हणून माझी पॉलिसी हवी होती. त्याला पाठवण्याआधी पीडीएफ उघडली, तर आत दोन तारखा. थर्ड पार्टी, म्हणजे माझ्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, तीन वर्षांची. ‘ओन डॅमेज’, म्हणजे माझ्या गाडीचं स्वतःचं नुकसान, एकाच वर्षाचं, आणि ते संपून ४१ दिवस झाले होते. आठवणीचे मेसेज आले होते, मी ते जाहिराती समजून पुसून टाकत होतो.

गंमत म्हणजे त्या ४१ दिवसांत वाहतूक पोलिसाने अडवलं असतं तरी विम्यावरून दंड झाला नसता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टीची. ती नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. माझ्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचा जीव गेला किंवा कुणी जायबंदी झालं, तर भरपाईला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत. माझी गाडी भंगारात गेली तरी कायद्याला त्याचं काही नाही. नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, ती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, १ सप्टेंबर २०१८ पासून. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे त्यात कंपनी-कंपनीत घासाघीस करण्यात अर्थ नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत माझ्या १,१९७ सीसी गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये बसले, वर जीएसटी.

पहिल्या वर्षीचा क्लेम आधी सांगतो, कारण पुढची सगळी अक्कल तिथून आली. आठव्या महिन्यात रिव्हर्स घेताना खांबाला ठोकली. मागचा बंपर आणि डिकीचं दार गेलं. बिल २२,७०० रुपये, जीएसटी सोडून. मला वाटलं, फाइलचार्जचे हजार-दीड हजार जातील. गेले ५,५७५. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने शांतपणे हिशेब मांडला. बंपर आणि त्याच्या क्लिपा ७,२०० च्या. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर गाडी कालच घेतलेली असली तरी ५० टक्के घसारा, म्हणजे ३,६०० गेले. डिकीचं दार धातूचं, ९,५०० चं. गाडी सहा महिने ते वर्षभराची असेल तर ५ टक्के, म्हणून ४७५. रंगकामाच्या ४,००० पैकी पाव हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, म्हणून ५००. वर १,००० रुपये सक्तीची वजावट, जी १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये कापलीच जाते. मजुरी पूर्ण मिळाली. काचेला घसारा शून्य असतो हे तेव्हाच कळलं, पण माझी काच काही फुटली नव्हती!

त्यात क्लेम घेतल्यामुळे पुढच्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यातली सूट, गेला. हा बोनस वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेममध्ये शून्यावर येतो. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करू नये असं जुने लोक का सांगतात ते तेव्हा उमगलं.

मग ४१ दिवसांच्या खंडानंतर नुसत्या ओन डॅमेजची पॉलिसी घेतली. सप्टेंबर २०१९ पासून ती थर्ड पार्टीपासून वेगळी, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येते. खंड पडल्यामुळे गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढून पाठवावा लागला, मंजुरीला दोन दिवस गेले. तुलना करायच्या संकेतस्थळावर सगळ्यात स्वस्त दिसणारा आकडा बघून हुरळलो होतो. नीट पाहिलं तर त्यांनी गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरी किंवा पूर्ण नुकसान झालं तर मिळणारी रक्कम, ५.२० लाखांवर आणून ठेवली होती. शोरूम किंमत ७.६० लाख, दुसऱ्या वर्षात २० टक्के घसारा, म्हणजे ६.०८ लाख हवी. ती बरोबर भरल्यावर स्वस्ताई पंधरा मिनिटांत विरली.

जोड म्हणून झिरो डेप (म्हणजे सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही), इंजिन प्रोटेक्ट आणि रस्त्यावरची मदत घेतली. कन्झ्युमेबल्स आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर आयडीव्हीऐवजी मूळ बिलाची रक्कम) सोडून दिलं. शिवाय हुशारी म्हणून ५,००० ची ऐच्छिक वजावट स्वीकारली, हप्त्यात १,२०० रुपये वाचले. ही सगळ्यात मोठी चूक.

पाचव्या महिन्यात एका रात्रीच्या पावसात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, सीटच्या खालच्या कडेपर्यंत. मेहुणा किल्ली घेऊन निघालाच होता, “स्टार्ट करून वर काढतो भावजी.” मी अक्षरशः हात धरला त्याचा. पुराचं पाणी मूळ ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाण्यात उभी गाडी चालू करून पाणी इंजिनात ओढलं गेलं, तर ते नुकसान ‘परिणामी’ म्हणून नाकारलं जातं. त्यासाठीच इंजिन प्रोटेक्ट असतं. सर्व्हेअरचा पहिला प्रश्न तोच होता, “चालू केली होती का?”

टोइंग पाच तासांनी आलं. त्या दिवशी सगळं गावच फोन करत असणार, त्यामुळे तक्रार नाही. वर्कशॉपमध्ये सीटा बाहेर, गालिचे बाहेर, वायरिंग सुकवणं, दोन मॉड्यूल नवी. बिल ६८,४०० रुपये आणि १९ दिवस. माझ्या खिशातून गेले ८,८७०: सक्तीचे १,०००, ऐच्छिक वजावटीचे ५,००० (ही सक्तीच्या वर असते, तिच्याऐवजी नाही), आणि ऑइल, कूलंट, ग्रीस, नट-बोल्टचे २,८७०, कारण कन्झ्युमेबल्स घेतलं नव्हतं. झिरो डेप नसतं तर हा आकडा किती झाला असता त्याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही. सीटखाली बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर मेला, त्याचा एक पैसा मिळाला नाही, कारण तो पॉलिसीत लिहिलेला नव्हता. कंपनीने फसवलं नाही, मीच जाहीर केला नव्हता.

सर्व्हेअर येईपर्यंतच्या दोन रात्री मात्र वाईट गेल्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. मग हातात आयडीव्हीच येणार, आणि कर्जाचे हप्ते तर मूळ किमतीवरचे. रिटर्न टू इनव्हॉइस मी कशासाठी सोडलं होतं, तेव्हा आठवेना.

काकांचं उदाहरण इथे आठवतं. त्यांची गाडी बारा वर्षांची, म्हणून नुसती थर्ड पार्टी ठेवतात. गाडीची किंमत पाहता ते चुकीचं नाही. पण खासगी गाडीत सोबत बसलेल्या घरच्या माणसांची जबाबदारी नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही, पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) येते, हे त्यांना माहीत नव्हतं. काकू नेहमी पुढच्या सीटवर असतात. त्यांनी आता प्रवाशांसाठी वेगळा अपघात विमा घेतलाय. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या जबाबदारीची जोड ५० रुपयांत मिळते, तीसुद्धा कुणी आपणहून सांगत नाही.

आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. स्कूटर आणि कार दोन्हींवर मी तो दोनदा भरत होतो. एकच पुरतो. शिवाय तो नोंदणीकृत मालकालाच लागू, बायको चालवत असेल तर तिला नाही. तिचा वेगळा काढला.

पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. बोनस शून्यच. झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट राहणार, कन्झ्युमेबल्स येणार, ऐच्छिक वजावट जाणार. कर्ज फिटेपर्यंत रिटर्न टू इनव्हॉइसही. माझ्या पॉलिसीत झिरो डेपचे वर्षाला दोनच क्लेम आहेत, ते बदलता येतं का विचारलंय, उत्तर आलेलं नाही. चावी हरवण्याचं कव्हर यंदाही दोनदा फोन करून गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. चाव्या दोन्ही कपाटात आहेत.