दुबईला जाताना: आधी काढलेला व्हिसा की विमानतळावरचा?

भारतीय पासपोर्टवर दुबईला जाताना विमानतळावर व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, अथवा ब्रिटन, युरोपीय संघ, सिंगापूर, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वा कॅनडाचा व्हिसा किंवा निवास परवाना असेल तरच मिळतो. या देशाचा तो व्हिसा किंवा परवाना किमान सहा महिने वैध हवा, आणि पासपोर्टही. इथेच गोची होते. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा चार महिन्यांत संपणार असेल, तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवतात. तो जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत घ्या. मुक्काम साधारण 14 दिवसांचा; घाईच्या, छोट्या फेरीला हाच सोयीचा.

बाकी सगळ्यांनी व्हिसा आधीच काढावा: विमान कंपनी, हॉटेल किंवा एजंटमार्फत, 30 किंवा 60 दिवसांचा. पासपोर्टचं रंगीत स्कॅन, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग किंवा यजमान नातेवाइकाची कागदपत्रं तयार ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज अडकू शकतो. तिकिटाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. आईवडिलांना महिनाभर न्यायचं असेल तर आमचं मत ठाम आहे: 60 दिवसांचाच घ्या, कारण मुदत उलटली की रोज 50 दिरहम दंड लागतो.