मॅचिंगचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? काळ्या रानातल्या अँटेनाचा हिशोब

परभणीच्या एका मित्राला नुकताच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळाला. व्हीयू३ने सुरू होणारी कॉलसाइन (स्टेशनची ओळख) हातात पडल्यापासून त्याचा एकच प्रश्न चालू आहे: ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या) अँटेनाचं मॅचिंग, म्हणजे तिचा इम्पीडन्स (एसीला होणारा अडथळा) केबलशी जुळवणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी, काढायला सिमस्मिथ शिकू, टीएलडब्ल्यू घेऊ, ४एनईसी२ बसवू, की वेबसाइटवर आकडे टाकून मोकळा होऊ? आणखीही काहीजण याच फाट्यावर उभे असतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझ्या शेतातला आकडा घ्या. उलट्या 'एल'सारखी तार आहे, साडेचार मीटर उभी, साडेपाच मीटर आडवी, खाली मोजकेच रेडियल, म्हणजे जमिनीलगत पसरलेल्या तारा. ऑगस्टमध्ये ७.१ मेगाहर्ट्‌झला नॅनोव्हीएनए या छोट्या मोजणी यंत्रानं रेझिस्टन्स २० ओहम आणि रिअॅक्टन्स (इम्पीडन्सचा कॉइल-कपॅसिटरसारखा भाग) उणे ३० ओहम दाखवला. हे ५० ओहमच्या कोएक्स केबलला जुळवायचं तर तारेसोबत सिरीजमध्ये १.२२ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि कोएक्सच्या बाजूला जमिनीकडे ५४९ पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो.

एवढंच हवं असेल तर कुठलाही ऑनलाइन कॅल्क्युलेटर क्षणात हे उत्तर देतो. नॅनोव्हीएनएच्या नव्या फर्मवेअरमध्ये तर एल-सी मॅचिंगची सोय आतच आहे. पण कॅल्क्युलेटरची कॉइल आदर्श असते, आपली नसते. शिवाय शेतात रेंज नसली की तो बंद. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले होते. अशा वेळी नेटवर अवलंबून असलेलं साधन काय कामाचं? म्हणून मी कॅल्क्युलेटर फक्त ताळा करायला वापरतो.

सिमस्मिथ मला सगळ्यांत जवळचं वाटतं. फुकट आहे, जावावर चालतं, त्यामुळे विंडोज असो की लिनक्स, अडत नाही. नॅनोव्हीएनएची एसवनपी (मोजमापाची) फाइल लोड, म्हणजे अँटेना, म्हणून थेट घेतं. पहिल्यांदा गोंधळ होतो, कारण लोड डावीकडे आणि जनरेटर (रेडिओ सेट) उजवीकडे असतो, आपल्या कागदावरच्या सवयीच्या उलट. दोन संध्याकाळी घासल्या की हात बसतो. मग कॉइलची किंमत जरा वर-खाली केली की स्मिथ चार्टवरची (इम्पीडन्सच्या गोल आलेखावरची) रेघ सरकताना डोळ्यांसमोर दिसते. मॅचिंग म्हणजे नेमकं काय, हे मला पुस्तकापेक्षा त्या सरकणाऱ्या रेघेनं जास्त समजावलं.

खरी कमाई कॉइलचा क्यू भरल्यावर दिसते; क्यू जितका जास्त तितकी कॉइलमध्ये पॉवर कमी वाया जाते. ५० वॉटला क्यू २०० असेल तर कॉइलमध्ये पाऊण वॉटही जळत नाही. क्यू ५० वर आला की अडीच वॉटच्या वर जातं, आणि कॉइल हाताला गरम लागते. मी टी२००-२ च्या लाल टोरॉइडवर (लोहभुकटीच्या कड्यावर) जाड तारेचे १० वेढे घेतले. कपॅसिटरसाठी ३३० आणि २२० पिकोफॅरडचे सिल्व्हर मायका समांतर जोडले. त्यांच्यातून मिळून सव्वा अँपिअरच्या आसपास आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचा) करंट जातो, म्हणून तिथे साधा सिरॅमिक डिस्क लावू नका.

टीएलडब्ल्यू एआरआरएल या अमेरिकन हॅम संघटनेच्या अँटेना बुकसोबत मिळतं आणि फक्त विंडोजवर चालतं. तुमचा ट्यूनर (मॅचिंगचा डबा) अँटेनापाशी नसून घरात रिगजवळ, म्हणजे रेडिओ सेटजवळ, असेल तर हेच घ्या. केबलचा प्रकार आणि लांबी सांगितली की केबलमध्ये किती पॉवर मुरते ते दाखवतं आणि एल, पाय किंवा टी नेटवर्कचे भाग काढून देतं. सिमस्मिथमध्येही केबल जोडता येते, पण नवख्याला टीएलडब्ल्यू सोपं पडेल. फक्त यासाठी पुस्तक घेऊ नका. पुस्तक तसंही घ्यायचं असेल तर उत्तम.

४एनईसी२ चं काम वेगळं. अँटेना अजून उभीच केली नसेल तर तारेची लांबी, उंची, जमीन भरून इम्पीडन्सचा अंदाज बांधायचा, आणि मॅचिंगची सोयही त्यातच आहे. हेही फुकट, विंडोजवरचं. मात्र जमीन कशी आहे हे आपणच भरायचं असतं, आणि आपली काळी माती वर्षभर एकसारखी कुठे असते? मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या तेव्हा त्याच तारेचा रेझिस्टन्स २८ ओहम आला, रिअॅक्टन्स जवळपास तोच. जुन्याच मॅचिंगवर एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे अचूक) १.४ दाखवत होता, म्हणजे रिगची काही तक्रार नाही. पण वाढलेले ते ८ ओहम जमिनीचे होते. ५० वॉटपैकी १४ वॉट जास्तीचे माती तापवत होते. मॅचिंगचं सॉफ्टवेअर २८ ओहमलाही बिनचूक नेटवर्क काढून देईल आणि हा तोटा तसाच झाकलेला राहील. तिथे कॉइल बदलून उपयोग नाही, रेडियल वाढवावे लागतात.

मित्राकडे नॅनोव्हीएनए आहे आणि तार टांगून झालेली आहे, म्हणून त्याला सिमस्मिथ सांगितलं. तार अजून बाजारातच असती तर ४एनईसी२ सांगितलं असतं. तूर्त त्याला मेमधलं मोजमाप एका फाइलमध्ये जपून ठेवायला लावलंय. मृगाचा पाऊस मुरला की तो पुन्हा मोजणार आहे.