बोली बारा हजारांची, बिल पंधरा हजारांच्या घरात

दोन अंकुशी आणि एक चांदवडी रुपया, असा तीन जुन्या चांदीच्या नाण्यांचा लॉट मी गेल्या हिवाळ्यात एका लिलावघराच्या ऑनलाइन लिलावात घेतला. लिलावघराचं नाव लिहीत नाही. एक तर तिथली माणसं चांगली आहेत, आणि दुसरं म्हणजे जे मी सांगणार आहे ते त्यांच्या एकट्याचं दुखणं नाही.

आधी चांगलं. कॅटलॉगमधले फोटो अव्वल. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू, वजन, व्यास, आणि काठावर खाच असेल तर तीही दाखवलेली. अंकुशी रुपया मराठ्यांच्या टांकसाळीतला, पण अक्षरं फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं. त्यामुळे नवख्याला ओळखायला एक अंकुशाचं चिन्हच काय ते हाताशी असतं. ते चिन्ह फोटोत स्वच्छ दिसत होतं. प्रॉक्सी बोलीची सोयही नीट चालली. आपली कमाल रक्कम टाकून झोपावं, यंत्र आपल्यासाठी अडीचशे-अडीचशेने चढत राहतं. पार्सल तर असं बांधलेलं की उघडायला मला कात्री, सुरी आणि शेवटी बायको, तिघांची मदत लागली. साताऱ्यात पोवई नाक्याच्या कुरिअरवाल्याने विचारलं, "काका, आत सोनंबिनं आहे का?"

आता बिल.

हातोडा पडला १२,००० वर. त्यावर १५ टक्के बायर्स प्रीमियम, १,८०० रुपये. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, ३२४. टपाल आणि विमा ३००. बेरीज १४,४२४. इथवर मला सगळं ठाऊक होतं. खरेदीदाराकडूनही कमिशन घ्यायची ही चाल क्रिस्टीज आणि सदबीज या बड्या लिलावघरांनी १९७५ साली लंडनमध्ये दहा टक्क्यांनी सुरू केली. तेव्हा व्यापाऱ्यांनी फार आरडाओरडा केला होता, आज कुणी भुवईही उचलत नाही.

पैसे भरायच्या पानावर मी क्रेडिट कार्ड निवडलं आणि आकडा बदलला. "कार्ड हाताळणी शुल्क" अडीच टक्के, म्हणजे ३६० रुपये ६० पैसे. त्यावर परत जीएसटी ६४ रुपये ९१ पैसे. एकूण १४,८४९ रुपये ५१ पैसे.

अटी मी आधी वाचल्या नव्हत्या, हे कबूल. नंतर शोधल्या तेव्हा खाली कुठेतरी एक ओळ होती. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर प्रीमियम ठळक अक्षरांत, आणि ही ओळ मात्र मुंगीच्या अक्षरांत.

मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली. टक्के दिसले की हात आपोआप कागदाकडे जातो. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे कार्डाचे पैसे दुकानदारापर्यंत पोचवणाऱ्या कंपन्या, क्रेडिट कार्डासाठी साधारण दोन टक्के आणि वर जीएसटी सांगतात. माझ्या बिलावर ते दोन टक्के होतात २९७ रुपये. गेटवेला दिलेला जीएसटी लिलावघराला वळता करून मिळतो, म्हणून तो हिशेबातून गेला. माझ्याकडून मूळ शुल्क घेतलं ३६०. गेटवेचा दर खरंच दोन टक्के असेल तर त्रेसष्ट रुपये वर उरले. रक्कम चहा-मिसळीची आहे, पण मग त्याला "हाताळणी" म्हणू नये. सरळ नफा म्हणावं.

नियम काय म्हणतो? डेबिट कार्डावर ग्राहकाकडून असं शुल्क घेणं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच चुकीचं ठरवलं. २०१८ पासून त्या कार्डांवर दुकानदाराला पडणाऱ्या खर्चालाही मर्यादा आहे, मोठ्या व्यापाऱ्याला ०.९ टक्के. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून हा खर्चच नाही. क्रेडिट कार्डाचा दर मात्र मोकळा, आणि सराफापासून लिलावघरापर्यंत सगळे त्याच मोकळ्या रानात चरतात. "कार्ड? मग दोन टक्के वर" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की तो कायदाच वाटतो.

त्यांची बाजूही खोटी नाही. लिलाव होता २४ तारखेला, माझं पेन्शन येतं एक तारखेला. कार्डाने दिल्यावर मला पैसे भरायला महिन्याहून जास्त मुदत मिळाली, वर पॉइंट्स. ती चैन माझी, तिचे पैसे दुसऱ्याने का द्यावेत? पण कार्ड घेण्यात त्यांचाही स्वार्थ आहे. ऑनलाइन लिलावातला खरा रोग म्हणजे बोली लावून गायब होणारे. कार्डाने दिलेले पैसे तिथल्या तिथे वसूल होतात, आणि अनोळखी गिऱ्हाईक बिचकत नाही. उद्या नाणं बनावट निघालं तर बँकेकडे तक्रार करता येईल, एवढ्या भरवशावर नवा माणूस पहिली बोली लावतो. तेवढ्या भरवशाने त्यांचं गिऱ्हाईक वाढतं आणि बोलीही.

इथवर मी म्हणत होतो, ठीक आहे, अर्धं तुमचं अर्धं माझं. मग मी विक्रेता झालो.

माझ्याकडे दुदांडी शिवराई या तांब्याच्या जुन्या नाण्यांचा ढीग आहे. वडिलांनी तांब्याच्या भावाने घेतलेल्या. त्यातला एक गठ्ठा याच लिलावघराकडे दिला, ६,००० ला गेला. हिशेबाचा कागद आला: विक्री कमिशन दहा टक्के ६००, त्यावर जीएसटी १०८, आणि खाली "पेमेंट प्रक्रिया खर्च" दोन टक्के, १२० रुपये. हातात ५,१७२.

योगायोग असा की तो गठ्ठा घेणारे गृहस्थ मला पुण्यातल्या नाणे प्रदर्शनात भेटले. सांगलीचे शिक्षक. मी सहज विचारलं, पैसे कसे दिलेत? ते म्हणाले, "यूपीआयने. कार्डाला वर पैसे पडतात ना."

यूपीआयचा खर्च शून्य. कापले मात्र माझे १२०. त्यांनी कार्डाने दिले असते तर त्यांच्याकडूनही अडीच टक्के आणि माझ्याकडूनही दोन.

फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. "काका, ते सगळ्या विक्रेत्यांना सरसकट लागतं. कोण कशाने पैसे देणार, आपल्याला आधी कुठे माहीत असतं?" मी म्हटलं, आधी नसेल, हिशेब पाठवताना तर असतं की नाही? तो म्हणाला, सरांना विचारतो. सर अजून विचारातच आहेत.

या धक्क्यानंतर मी एक गोष्ट बसून मांडली, ती इथे देतो, कारण माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. समजा एका लॉटसाठी माझ्या खिशात १५,००० आहेत. कार्डाचं शुल्क नसेल तर मी १२,२५० पर्यंत चढू शकतो. सगळं धरून १४,७१८ होतात. शुल्क असेल तर त्याच बोलीचे १५,१५२ होतात, म्हणून मी १२,००० ला थांबतो. म्हणजे बिल माझ्या नावाने फाटलं तरी शुल्क दिलं कुणी? विक्रेत्याने. त्याला बोलीची एक पायरी कमी मिळाली. मुरलेला खरेदीदार सगळे खर्च उलटे वजा करूनच बोली लावतो. वजा करत नाही तो नवखा. शेवटच्या पानावर येणारं शुल्क हा खरं तर नवख्यांवरचा कर आहे, आणि छंदाला माणसं मिळत नाहीत म्हणून रडणारे आम्हीच.

म्हणून माझं मत: कार्डाचा खर्च लिलावघराने उचलावा. दोन्ही बाजूंनी मिळून पंचवीस टक्के घेतल्यावर दोन टक्क्यांना जागा आहे. नसेल तर प्रीमियम सोळा करा, पण आकडा एकच ठेवा आणि पहिल्या पानावर छापा. यूपीआयवाल्यालाही तो एक टक्का पडेल, मान्य. तरी मला ते चालेल, कारण बोली लावतानाच तो दिसेल.

हे काही अशक्य नाही. जुन्या लोकांना बाझी डॉट कॉम आठवत असेल, २००४ मध्ये ईबेने घेतलं ते. पुढे तिथल्या पैसापे या पैसे भरायच्या सोयीने मी बरीच फुटकळ नाणी घेतली. जिंकलेली रक्कम अधिक टपाल, बस. २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं, पण बिल वाचायला चष्मा लागत नसे. ब्रिटनमध्ये तर जानेवारी २०१८ पासून ग्राहकाच्या कार्डावर जादा शुल्क घ्यायला कायद्यानेच बंदी आहे आणि तिथली लिलावघरं काही ओस पडलेली नाहीत.

नाणी, फोटो, पॅकिंग यांसाठी पाचपैकी साडेचार. हिशेबासाठी दोन. तिथून मी पुढेही घेणार, कारण चांदवडी इतका चांगला दुसरीकडे दिसत नाही. विकायला मात्र देताना "पेमेंट प्रक्रिया" ही ओळ आधी खोडून घ्या, लेखी.

पैसे एनईएफटीने पाठवा. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर त्याला शुल्क नाही, यूपीआयवर साधारणपणे असते तशी लाखाची आडकाठीही नाही. यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, लिलावघराला मेल केला की तिसऱ्या दिवशी पार्सल निघतं. कार्डाने दिलं होतं तेव्हाही तिसऱ्याच दिवशी निघालं होतं.