नदीकाठच्या चतुरांसाठी पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१) दुर्बीण

पॅरागॉम्फस लिनिएटस हा आकडेवाला चतुर वाहत्या पाण्यालगतच्या वाळूवर नाहीतर गोट्यावर बसतो. बेताबेतानं गेलं तर मीटर-दीड मीटरपर्यंत येऊ देतो. पक्षी बघायच्या बऱ्याच ८×४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगांच्या) दुर्बिणींचा फोकस इतक्या जवळ लागतच नाही. मग मागे सरकावं लागतं आणि तेवढ्यात तो उडतो. पॅपिलिओचा फोकस ५० सेंटिमीटरपर्यंत लागतो, आणि या एका गुणासाठी बाकीचं सगळं चालवून घ्यावं.

फोकसचं चाक फिरवलं की पुढच्या सपाट काचेमागची भिंगं एकमेकींकडे सरकतात. त्यामुळे अगदी जवळचंही एकसंध दिसतं, दोन चित्रं होत नाहीत. मीटरभरावरून राखी-निळसर डोळे एकमेकांपासून सुटे आहेत हे स्पष्ट कळतं. ओढ्यातल्या दगडांवर बसणाऱ्या ट्रायथेमिस या दुसऱ्या गटातल्या चतुरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, तेव्हा गफलत होत नाही. नराच्या शेपटीचे खाली वळलेले आकडे मात्र वरून नीट दिसत नाहीत. त्यासाठी उकिडवं बसून बाजूनं बघायचं. त्याच नजरेत शेपटीच्या आठव्या-नवव्या खंडांच्या कडांच्या पानासारख्या झालरीही सापडतात.

याच दुर्बिणीचं ८.५×२१ हे जास्त मोठं दाखवणारं मॉडेल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मीटरभरावर ६.५ मध्ये साधारण १३ सेंटिमीटर रुंदीचा भाग दिसतो, ८.५ मध्ये साडेदहा. वाळूच्याच रंगात मिसळलेला चतुर शोधताना हा फरक फार जाणवतो. हाताची थरथरही ६.५ मध्ये कमी वाढते आणि झाडाच्या सावलीत चित्र जास्त उजळ राहतं.

जवळच्या फोकसला खोली, म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारं पुढचं-मागचं अंतर, फार थोडी मिळते. डोकं स्पष्ट, शेपूट धूसर असं झालं तर चाक केसभरच हलवायचं. फोकस आधीच मीटरभरावरच्या एखाद्या गोट्यावर लावून ठेवावा, मग नजर चतुरावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणावी. आपली सावली त्याच्यावर पडली की तो गेलाच. पण पाठलाग करू नका, बऱ्याचदा तो त्याच दगडावर परत येतो.

वजन २९० ग्रॅम, तेव्हा गळ्यात दिवसभर जाचत नाही. चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्यांना टेकणाऱ्या कडा) खाली फिरवूनच वापरावी. ती जलरोधक नाही, म्हणून प्रवाह ओलांडताना बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.