लांब पिछाडीच्या बोटीला ‘युनिव्हर्सल’ विंडवेन : २ लाख ४ हजार कसे बुडाले

जुन्या घाटणीच्या शिडाच्या बोटीला विंडवेन, म्हणजे वाऱ्यावर चालणारं आणि बोटीची दिशा आपोआप सांभाळणारं यंत्र, बसवून देतो असं कुणी म्हणालं, आणि पहिल्या भेटीत त्याने पिछाडीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची मोजली नाही, तर व्यवहार तिथेच थांबवा. आमच्या बाबतीत ती उंची कुणी मोजली नाही आणि आम्हीही ती मोजायला लावली नाही.

बोट बेलापूरच्या खाडीत असते. सागवानी, लांब कण्याची, दांड्याने म्हणजे टिलरने चालणारी. एकूण लांबी ३४ फूट, पाणरेषेवर मात्र २४. पुढे ४ फूट आणि मागे ६ फूट भाग पाण्याच्या वर अधांतरी असतो. दिसायला देखणी, पण नेमक्या ह्याच ६ फुटांत विंडवेनचं सगळं गणित फिरतं.

विक्रेत्याने सांगितलेला माल असा : परदेशी बनावटीचं, वापरलेलं, पूर्ण दुरुस्त केलेलं सर्व्हो-पेंड्युलम यंत्र, ‘कुठल्याही पिछाडीला बसणाऱ्या’ युनिव्हर्सल ब्रॅकेटसकट. किंमत २,४०,०००. त्यातले ६० टक्के, म्हणजे १,४४,००० आगाऊ. तीन आठवड्यांनी ‘न्हावाशेव्याला कस्टममध्ये अडकलंय’ म्हणून ३८,०००, आणि बसवायचे २२,०००. उरलेले ९६,००० दिलेले नाहीत. आता तेवढाच दिलासा.

आधी यंत्र कसं चालतं ते, कारण खोट त्यातच दडवली होती. वर प्लायचं पातळ पान असतं. बोट दिशा सोडून वळली की वारा त्या पानाला आडवं पाडतो. पानाला स्वतःची ताकद नसते. ते फक्त खाली पाण्यातलं वल्हं थोडंसं पिळतं. पिळलेल्या वल्ह्यावर धावतं पाणी आदळतं, वल्हं लंबकासारखं बाजूला झोका घेतं, आणि त्याला बांधलेल्या दोन दोऱ्या टिलर ओढतात. सगळी ताकद पाण्याच्या वेगातून येते. म्हणून वल्हं पाण्यात पुरेसं खोल आणि सतत असलं पाहिजे.

सरळ, उभ्या पिछाडीच्या बोटीत हे आपोआप होतं. आमच्या बोटीत यंत्राचा आस, म्हणजे वल्हं ज्याभोवती झोका घेतं तो, पाण्यापासून ७५ सें.मी. वर आला. मिळालेलं वल्हं आसापासून टोकापर्यंत १२५ सें.मी. म्हणजे बोट शांत उभी असताना ५० सें.मी. पाण्यात. कागदावर पुरेसं. पण बोट लाटेवर पुढे-मागे डोलते ती पाणरेषेच्या मध्याभोवती, आणि त्या मध्यापासून पिछाडीचं टोक १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटरवर. ५ अंशांच्या डोलण्यात ते टोक ४८ सें.मी. वर उचललं जातं. वल्ह्याचे जेमतेम २ सें.मी. पाण्यात उरतात! तेवढ्याच पाणरेषेच्या उभ्या पिछाडीच्या बोटीत हा उचल ३२ सें.मी. भरला असता आणि तेच वल्हं चाललं असतं.

यात आणखी एक फसवं वळण आहे. जोराच्या वाऱ्यात बोट वेगाने पळते तेव्हा मागची लाट पिछाडीखाली चढते, बोट कलल्यावर पाणरेषाही लांबते, आणि वल्हं आपोआप जास्त बुडतं. म्हणून विक्रेत्याने चाचणी दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात, सपाट पाण्यात करून दाखवली. यंत्र छान चाललं. पहाटेच्या मतलईत, बाहेरच्या जुन्या लाटेवर, तेच यंत्र दर दहा मिनिटांनी बोटीला वाऱ्यात तोंड करून उभं करत होतं. चाचणी हलक्या वाऱ्यात आणि लाटेत घ्या, ठाण्याच्या खाडीच्या आत नको.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने वल्ह्याला ४० सें.मी.चा तुकडा वेल्ड करून दिला. हे ऐकायला बरोबर वाटतं, कारण १६५ सें.मी. हे माप खरंच हवं होतं. पण बुडालेला भाग ५० वरून ९० सें.मी. झाला की पाण्याचा दाब १.८ पट होतो, आणि त्या दाबाचा मध्य आसापासून १०० वरून १२० सें.मी.वर जातो. म्हणजे वल्ह्याची नळी वाकवणारा जोर २ पटींहून जास्त. नळी मात्र तीच. दुसऱ्या दिवशी वेल्डच्या वरच वाकली. लांब वल्हं हवं तर नळीचा व्यास आणि जाडी त्या हिशेबाने आधी ठरवावी लागते, नाहीतर ब्रॅकेट खाली आणून आसच पाण्याजवळ न्यावा लागतो. जोड लावून हे काम होत नाही.

वल्ह्याच्या वरच्या बाजूला मुद्दाम कमकुवत ठेवलेली एक नळी असते. जाळं किंवा ओंडका अडकला तर ती तुटावी आणि बाकी यंत्र वाचावं म्हणून. दोरीने बांधलेलं वल्हं मग परत ओढून घेता येतं. आमच्या यंत्रात ही नळी सर्वांत जाड होती. डोल जाळ्यांच्या खुंटांतून रोज जाणाऱ्या बोटीला याचा अर्थ एकच : पहिल्या अडथळ्याला पिछाडीची फळीच उखडणार. शिवाय वल्हं वर उचलून बांधायची सोय नव्हती, आणि इथे ओहोटीला बोट चिखलावर बसते.

आता ब्रॅकेट. लांब पिछाडीचं टोक अरुंद असतं. आमचं ४५ सें.मी. त्यावर चार पाय जवळजवळ बसवले तर झोक्याचा सगळा पीळ थोड्याशा लाकडावर येतो. पाय फाकवून, दोन पाय डेकवर पुढे नेऊन त्रिकोण साधावा लागतो. आतून १८ मि.मी. मरिन प्लायची किंवा १० मि.मी. फायबरची पाटी, आणि एम १० बोल्ट आरपार. विक्रेत्याने बोल्टऐवजी लाकडाचे जाड स्क्रू मारले होते, कारण त्या निमुळत्या जागेत आत हातच जात नाही. खरा कारागीर आधी डेकवर १५ सें.मी.चं गोल झाकण बसवतो, मग आत नट लावतो. झाकणाचं काम कोटेशनमध्ये नसेल तर समजा की माणूस आतून नट लावणार नाही.

पिछाडीची फळी तिरकी असते, वरची कड मागे. ब्रॅकेट त्या फळीला सपाट टेकवलं की वल्ह्याचं टोक पुढे झुकतं. मग ते गरजेपेक्षा जास्त झोका घेतं आणि बोट नागमोडी चालते. प्रत्येक बनावटीच्या पुस्तिकेत आसाचा कोन दिलेला असतो. पुस्तिका मागितली तेव्हा ‘मेल करतो’ असं उत्तर आलं आणि मेल कधीच आली नाही. पान आणि वल्हं यांच्यामधला गिअरसुद्धा गायब होता. वल्हं जसजसं बाजूला जातं तसतसा त्याचा पीळ कमी करणं हे त्या गिअरचं काम. त्याजागी साधी सळई होती, ‘हलकं मॉडेल’ म्हणून.

दोऱ्यांची गोष्ट छोटी आहे, पण नुकसान मोठं. वल्ह्याचा झोका दोरीला एकूण २५ सें.मी. ओढ देतो, मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेबारा. टिलरवर ही दोरी सुकाणूच्या आसापासून ६० सें.मी.वर बांधली तर सुकाणू १२ अंश फिरतं. विक्रेत्याने ती टिलरच्या टोकाला, ११० सें.मी.वर बांधली, ‘ताकद जास्त मिळते’ म्हणून. सुकाणू साडेसहा अंशच फिरलं. वर दोरी मासेमारीची पॉलिप्रॉपिलीनची. पिछाडी लांब असल्याने प्रत्येक बाजूला ३.२ मीटर दोरी जाते, आणि २ टक्के ताण म्हणजे ६.४ सें.मी. वाया. साडेबारातली निम्मी ओढ दोरीनेच गिळली. ६ मि.मी. डायनिमा, म्हणजे जवळजवळ न ताणणारी दोरी, आणि बेअरिंगच्या कप्प्या हव्यात, वळणं जितकी कमी तितकं बरं.

धातूबद्दल. बिलात ‘एस.एस. ३१६’ लिहिलं होतं. चुंबक चिकटत नाही हे दाखवून विक्रेता खात्री पटवत होता. चुंबक ३०४ ला चिकटत नाही, २०२ लाही नाही. चुंबकाने ३१६ ठरत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं. मॉलिब्डेनम तपासायच्या थेंबांची छोटी बाटली मिळते. धातू घासून स्वच्छ करायचा, थेंब टाकायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा लावायच्या आणि बाटलीवर छापलेल्या रंगाशी ताडून पाहायचं. पक्कं उत्तर हवं तर पीएमआय तपासणी, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते मोजणारी तपासणी, करणारी प्रयोगशाळा गाठा. आमच्या नळ्यांत निकेल ५ टक्क्यांच्या आसपास आणि मँगनीज ८ च्या वर निघालं, म्हणजे माल २०२ चा. खाडीच्या पाण्यात वेल्डच्या कडेला सहा आठवड्यांत तपकिरी ओघळ आले होते ते त्यामुळेच. हीट नंबर (धातूच्या ओतीव घाण्याचा क्रमांक) असलेलं उत्पादकाचं ३.१ तपासणी प्रमाणपत्र आधी मागायचं आणि तो नंबर नळीवर कोरलेला आहे का ते पाहायचं.

बेअरिंगसाठी प्रयोगशाळेची गरज नाही. चांगल्या यंत्रात बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या प्लॅस्टिकच्या कड्या, अॅसिटलचे असतात. स्वस्त नक्कल नायलॉनची असते. नायलॉन पाणी शोषून फुगतं आणि आस जखडतो. मग हलक्या वाऱ्यात पान हलतच नाही. दोन्ही पांढरी, हाताला सारखीच लागतात. एक ग्लास पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाका, १०० मि.लि.ला ३६ ग्रॅमच्या आसपास लागतं. अशा पाण्याची घनता १.२ भरते. साधं नायलॉन १.१५ चं, ते तरंगतं. अॅसिटल १.४१ चं, ते बुडतं. आमचे सहाच्या सहा बुश तरंगले.

कस्टमच्या ३८,००० बद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ही युक्ती बोटीच्या बाहेरही चालते. आयात शुल्क सरकारी खात्यात चलनाने भरतात, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टमकडच्या नोंदीचा, नंबर आणि तारीख मागा, आणि कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर न्हावाशेव्याचा कोड आयएनएनएसए१ टाकून तपासा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटी पोर्टलवर नाव-पत्त्यासकट दिसतो. आमच्या बिलावरचा नंबर १४ अक्षरांचा होता. मोजला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. यंत्रावरची परदेशी नंबरपट्टीही नव्या रिव्हेटने मारलेली होती. मूळ उत्पादकाला नंबर आणि फोटो पाठवले की असा नंबर त्यांचा आहे का ते ते सांगतात. पैसे देण्याआधी एक मेल पुरते.

अशा बोटीला विंडवेन बसतच नाही, असं मात्र नाही. यंत्र टोकाच्या मधोमधच हवं असाही नियम नाही. मुंबईत कुलाबा वर्कशॉपमध्ये बांधलेल्या ३२ फुटी सुहेली या बोटीवर, एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मागच्या डोलकाठीची अडचण टाळायला डाव्या-उजव्या बाजूला एकेक अशी दोन पानं बसवली होती. ते यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडलं. पुढचा प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून केला आणि २२ एप्रिल १९६९ ला इंग्लंडला परत पोहोचले. तोलाचा हा मुद्दा यंत्र घेण्याआधीच पाहावा. टिलर सोडल्यावर बोट लगेच वाऱ्यात वळत असेल तर मोठ्या शिडाचा रीफ (शीड गुंडाळून लहान करणं) आणि पुढच्या शिडाचा ताण आधी जुळवा. वेन बिघडलेला तोल सुधारत नाही.

अशी बोट असेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्यायची मापं : पिछाडीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, शिडं आणि सामान चढवून मोजलेली, फळीची रुंदी आणि तिरकेपणा, सुकाणूच्या आसापासून टोकापर्यंतचं अंतर, शिडाखालचं आडवं लाकूड मागे कुठवर येतं, आणि वल्ह्याची आसापासूनची लांबी. आगाऊ ३० टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि शेवटचे ३० टक्के हलक्या वाऱ्यातल्या चाचणीनंतर.

पैसे गेलेच असतील तर यूपीआयच्या व्यवहारासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त. पोलिसांत फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली होते. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असलेल्या खरेदीचे दावे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची. बोट धंद्यासाठी नसावी एवढी अट.

तक्रारीआधी यंत्र उतरवू नका. टेप धरून उंची, बुडालेलं माप, स्क्रूची टोकं, वाकलेलं वेल्ड, सगळ्याचे फोटो काढा आणि तरंगणाऱ्या बुशचा व्हिडिओही. मग स्क्रू काढून भोकं १२ मि.मी.ला मोठी करायची, दोन दिवस सुकू द्यायची आणि इपॉक्सीत बुडवलेल्या सागाच्या खुंट्या ठोकायच्या. आमच्या फळीला अशी १६ भोकं होती, आणि त्यातल्या चारमध्ये पाणी शिरून साग काळा पडायला लागला होता.